एमजीबी रोडस्टर, 1970: थ्रॉटल केबल बदलाच्या नोंदी

भारतात आज एमजी म्हटलं की हेक्टर आठवते. ही एमजी इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातली, दोन सीटांची, उघड्या छताची एमजीबी आहे. हे मॉडेल 1962 ला आलं आणि 1980 पर्यंत बनत राहिलं. थ्रॉटल केबल म्हणजे ॲक्सिलरेटरच्या पेडलपासून कार्ब्युरेटरपर्यंत जाणारी, आवरणातली तार. नोंदीतली गाडी 1970 ची: उजवीकडे स्टिअरिंग, 1798 सीसीचं पाच बेअरिंगचं बी-सिरीज इंजिन, एसयू कंपनीचे दोन एचएस4 कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारे), निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं ऋण टोक बॉडीला जोडलेलं), सीटांच्या मागे 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. गाडी इंग्लंडमध्येच असते, त्यामुळे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा मार तिला दरवर्षी बसतो.

1 फेब्रुवारी 2025, शनिवार

तक्रार अशी की पाय काढला तरी रेस खाली येत नाही. 1500 आरपीएमच्या आसपास अडकते आणि पेडल बोटाने वर उचललं की मगच 800 ला बसते. दाबताना सुरुवातीला पेडल जड लागतं आणि मग एकदम सुटतं, त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये गाडी धक्का मारून निघते.

अशा वेळी दोष सरळ केबलच्या माथी मारून नवी मागवणं सोपं असतं. पण अडकायला जागा तीन आहेत: पेडलची खीळ, केबल आणि कार्ब्युरेटरच्या स्पिंडल, म्हणजे हवेची झडप (बटरफ्लाय) फिरवणाऱ्या दांड्या. तिन्ही वेगवेगळ्या तपासल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. चौथी जागा बरेच जण विसरतात, ती म्हणजे चोक, थंड इंजिनला जास्त पेट्रोल देणारी सोय. चोकचं बटण पूर्ण आत असताना दोन्ही कार्ब्युरेटरांचे फास्ट-आयडल स्क्रू (चोक ओढल्यावर रेस वाढवणारे) आपापल्या कॅमपासून सुटलेले दिसले पाहिजेत. एक जरी टेकत असेल तर रेस चढीच राहते आणि शिव्या थ्रॉटल केबल खाते. या गाडीत दोन्ही मोकळे होते.

इंजिन बंद ठेवून कार्ब्युरेटरच्या बाजूने केबल सोडली. थ्रॉटलचा लिव्हर हाताने उघडून सोडला तर स्प्रिंगने टक्कन बंद होतो, दहादा केलं तरी तसाच. म्हणजे स्पिंडल अडकत नाहीत. त्या झिजल्यात का, हे केबल सोडण्याआधीच इंजिन चालू असताना पाहून घेतलं होतं. स्पिंडलच्या टोकांशी कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारला की हवा आत ओढली जात असल्यास आयडलिंग, म्हणजे पेडल न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, बदलतं. मागच्या कार्ब्युरेटरवर किंचित बदल जाणवला, पुढच्यावर नाही. आज त्यात पडायचं नाही.

पेडल केबलशिवाय मोकळं हलतं. उरली केबल. आतली तार दोन बोटांनी ओढली तर काही सेंटिमीटर सरकते, मग रेती असल्यासारखी खरखरते आणि थांबते.

अशा अडकणाऱ्या थ्रॉटलवर जास्त ताकदीची रिटर्न स्प्रिंग लावायचा सल्ला फार मिळतो. तो मानू नये. घर्षण तिथेच राहतं, केबलवर ताण वाढतो, आणि स्पिंडल एकाच बाजूला खेचली जाऊन तिची जागा अंडाकृती झिजते. आज झाकलेला दोष पुढच्या वर्षी जास्त महाग पडतो.

2 फेब्रुवारी, रविवार

केबल काढली. क्रम असा:

बॅटरीची अर्थची तार सोडली. एअर फिल्टरचे दोन्ही डबे काढले. डबा आणि कार्ब्युरेटर यांच्यातलं गॅस्केट कोणत्या बाजूने वर होतं ते खडूने खूण करून ठेवलं. त्याचं कारण बसवतानाच्या नोंदीत येईल.

थ्रॉटल लिव्हरवर केबल एका छोट्या ट्रनियनमध्ये धरलेली असते. ट्रनियन म्हणजे आडवं भोक असलेली खुंटी. भोकातून तार जाते आणि नट आवळला की तार दाबली जाते. सोडताना एका पान्याने खुंटी धरायची आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला तर लिव्हर पिळतो आणि पातळ पत्रा वाकतो. नट सैल झाल्यावर तार वर ओढून ब्रॅकेटमधून बाहेरचं आवरण काढलं. मग ड्रायव्हरच्या पायाशी आडवं पडून, पेडलच्या वरच्या टोकाच्या खाचेतून निपल (तारेच्या टोकावरचा धातूचा गोळा) काढलं. यासाठी केबल इंजिनच्या बाजूने थोडी ढकलून सैल करावी लागते. शेवटी फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यातल्या पत्र्यातून) पूर्ण केबल इंजिनच्या बाजूला ओढली.

बाकावर ठेवून पाहिल्यावर तीन गोष्टी दिसल्या.

एक: ट्रनियनपाशी तारेची तुसं उभी. नट फार आवळल्याने काही पदर कापले गेले होते. तुटलेल्या पदरांची टोकं वळून आवरणाच्या तोंडाशी घासत होती. पेडल जड लागायचं त्यात याचाही वाटा.

दोन: ट्रनियन लिव्हरच्या भोकात गंजून घट्ट बसलेली. पेडल दाबलं की लिव्हर वर्तुळात फिरतो आणि तार सरळ रेषेत ओढली जाते. दोन्हींचा मेळ राहावा म्हणून ट्रनियन भोकात मोकळी फिरायला हवी. ती जाम झाली की प्रत्येक वेळी तार तिच्या तोंडाशी वाकते आणि परत सरळ होते. पत्र्याची पट्टी मागेपुढे वाकवून तोडतात तसंच हे. अशी केबल कितीही चांगल्या प्रतीची असली तरी त्याच जागी तुटणार.

तीन, आणि सगळ्यात महत्त्वाची: आवरणाचा मधला साधारण वीतभर भाग कडक. काळा प्लास्टिकचा थर चुरगळलेला, आतलं पोलादी वेटोळं जागोजागी निळसर. पातीने चिरून पाहिलं तर आतली नायलॉनची नळी वितळून तारेला चिकटलेली.

हा भाग एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जवळ नाही. या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही डावीकडे आहेत, पेडल उजवीकडे. केबल इंजिनाच्या मागून, फायरवॉलच्या कडेने आडवी जाते. जळालेला भाग नेमका तिथला, जिथे बाहेरची उष्णता पोचत नाही. म्हणजे उष्णता केबलच्या आतच तयार झाली होती.

8 फेब्रुवारी, शनिवार

पोलादाचं वेटोळं आतून तापतं ते विजेने. जुन्या ब्रिटिश गाड्यांत हा ओळखीचा रोग आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. त्या दोघांना जोडते ती तांब्याची विणलेली अर्थ पट्टी. स्टार्टर फिरतो तेव्हा शेकडो अँपिअर करंट इंजिनमधून बॉडीत आणि तिथून बॅटरीकडे परततो. पट्टी कमजोर झाली तर करंट मिळेल ती वाट धरतो, आणि इंजिनला बॉडीशी जोडणाऱ्या धातूच्या वाटा थोड्याच असतात: थ्रॉटल केबल आणि चोक केबल त्यात पहिल्या. दर वेळी चावी फिरवली की केबल काही सेकंदांसाठी हीटरची कॉइल होते.

तपासायला मल्टिमीटर पुरतो. गाडी चालू होऊ नये म्हणून कॉइलची पांढरी तार काढली आणि बॅटरीची अर्थ परत जोडली. मीटर 20 व्होल्ट डीसीवर. एक टोक इंजिन ब्लॉकच्या घासून चकचकीत केलेल्या धातूवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. क्लँपवर नाही, खुंटीवरच, नाहीतर क्लँपचा सैलपणा मोजमापात येत नाही. बॅटऱ्या मागे असल्याने लांब वायर लागते.

थ्रॉटल केबल आता गाडीत नाही, म्हणजे जास्तीचा करंट चोक केबलवरच येणार. म्हणून स्टार्टर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त फिरवला नाही.

मीटरवर 2.1 व्होल्ट. अर्धा व्होल्टच्या वर काहीही आलं तर अर्थ खराब समजावी. चोक केबलचं आवरण हाताला कोमट लागलं.

खात्रीसाठी सोपा प्रयोग: जाड जंप लीडचं एक टोक इंजिनवर, दुसरं बॉडीच्या स्वच्छ बोल्टवर. परत स्टार्टर. रीडिंग 0.3 आणि इंजिन स्पष्ट जोरात फिरलं. बॉडी ते बॅटरी ही पुढची जोडणी वेगळी मोजली, ती ठीक निघाली. दोष फक्त पट्टीचा.

गाडी स्टँडवर घेतली (जॅकवर असताना खाली जायचं नाही, हे लिहावं लागू नये पण लिहितो). या गाडीत पट्टी गिअरबॉक्सच्या मागच्या टोकापासून बॉडीला जाते. वरून शाबूत दिसत होती. सोडल्यावर वेणीचे अर्धे पदर हिरवे पडून तुटलेले निघाले, आणि बॉडीकडचा लग (पट्टीच्या टोकाची कडी) अंडरसीलच्या, म्हणजे गंजरोधक लेपाच्या, थरावर बसवलेला. म्हणजे धातूला धातू लागतच नव्हता. जो काही संपर्क होता तो फक्त बोल्टच्या आट्यांतून.

नवी पट्टी कथलाचा मुलामा असलेल्या तांब्याची, जुनीपेक्षा जाड, आणि लांबीत थोडी सैल. इंजिन माउंटिंगवर हलतं, पट्टी ताठ असली तर लगपाशी तुटते. दोन्ही जागा वायर ब्रशने चकचकीत केल्या, दातेरी वॉशर घातले, आवळल्यावर वरून व्हॅसलीन लावलं. आधी व्हॅसलीन आणि मग आवळणं असं करू नये. धातू कोरडा एकमेकांत दाबला जावा, व्हॅसलीन फक्त पाणी अडवायला.

रीडिंग 0.2 व्होल्ट. चोक केबल काढून पाहिली. तिचं आवरण थोडं मऊ पडलंय पण तार मोकळी सरकते. तरी तीही नव्या केबलबरोबर मागवली.

हे काम आधी न करता नवी केबल बसवली असती तर तीही काही महिन्यांत चिकटली असती. जिथे जिथे वितळलेली केबल दिसेल तिथे आधी मीटर लावावा.

15 फेब्रुवारी, शनिवार

नवी केबल आली. मागवताना तीन गोष्टी सांगाव्या लागतात: स्टिअरिंग कोणत्या बाजूला, गाडीचं वर्ष आणि कार्ब्युरेटर कोणते. डाव्या आणि उजव्या स्टिअरिंगच्या केबलची लांबी वेगळी असते. नंतरच्या एमजीबींना एचआयएफ4 कार्ब्युरेटर आहेत, त्यांची केबल इथे लागेलच असं धरून चालू नये.

बसवण्याआधी जुनी आणि नवी शेजारी ताणून मोजल्या: आवरणाची लांबी, आणि आवरण टोकाला टेकवून बाहेर उरणारी तार. दुसरं माप जास्त महत्त्वाचं. आवरण बरोबर आणि तार आखूड असली तर लिव्हर पूर्ण बंद होत नाही. तार फार लांब असेल तर फक्त शेपूट कापायची.

निपलचं झाळकाम भिंगाखाली पाहिलं. कथील तारेत मुरलेलं दिसलं पाहिजे, वर गोळा होऊन बसलेलं नको. पक्कडने निपल धरून जोरात ओढून पाहिलं. नकली केबलची निपलं इथेच निघून येतात, आणि ती बाकावर निघालेली बरी.

तेल घालायचं का? जुन्या, नुसत्या पोलादी वेटोळ्याच्या केबलला पातळ तेल लागायचं. या केबलच्या आत नायलॉनची नळी आहे. ती कोरडीच चालते. ग्रीस घातलं तर थंडीत ते घट्ट होतं आणि धूळ धरून ठेवतं, म्हणजे जी तक्रार घेऊन सुरुवात केली तीच परत. ग्रीस फक्त पेडलच्या खिळीला आणि निपलच्या खाचेत, बोटाच्या टोकावर मावेल इतकं.

जुनी ट्रनियन भिजवून काढली, पण भोकाची कड झिजलेली होती, म्हणून नवी घेतली. लिव्हरचं भोक गोल कानशीने नव्हे, बारीक पॉलिश पेपरच्या सुरळीने साफ केलं. भोक मोठं झालं तर ट्रनियन तिरकी बसते.

16 फेब्रुवारी, रविवार

बसवणं उलट्या क्रमाने, पण काही जागी थांबून.

केबल इंजिनच्या बाजूने फायरवॉलमधून आत घातली, निपल पेडलच्या खाचेत. भोकातला रबरी ग्रोमेट नवा. तो नसला तर पाणी थेट ड्रायव्हरच्या बुटांवर येतं आणि आवरण पत्र्याच्या कडेवर घासतं. मग केबल इंजिनमागून मोठ्या वळणाने डावीकडे. वळण जितकं रुंद तितकं घर्षण कमी. हीटरच्या पाइपाला बांधायची नाही, एक्झॉस्टच्या बाजूला झुकू द्यायची नाही, आणि कुठेही केबल टायने करकचून आवळायची नाही. इंजिन हलतं तेव्हा केबललाही थोडं हलावं लागतं.

ब्रॅकेटमध्ये आवरणाचं टोक बसवल्यावर तार कुठे जाते ते पाहिलं. लिव्हर बंद आणि पूर्ण उघडा, या दोन्ही स्थितींत तार आवरणातून सरळ बाहेर यायला हवी. बंद असताना सरळ आणि उघडल्यावर तिरकी हे चालत नाही. इथे ब्रॅकेट किंचित वाकलेलं होतं, बहुधा कोणीतरी एअर फिल्टर काढताना त्यावर भार दिला असावा. व्हाइसमध्ये धरून सरळ केलं.

ट्रनियन आवळण्याआधी दोन कार्ब्युरेटरांमधल्या जोडदांड्याचं अंतर तपासलं, कारण ते चुकीचं असेल तर केबलचं माप घेण्यात अर्थ नाही. फॅक्टरीची पद्धत अशी की थ्रॉटलच्या दांड्याचा थांबा आणि चोकचा जोडदांडा यांच्यामध्ये 0.012 इंचाचं, म्हणजे 0.3 मिमीचं फीलर (ठरावीक जाडीची मापाची पट्टी) ठेवायचं, लिव्हरची पिन काट्याच्या खालच्या बाजूला हलकेच टेकवायची आणि क्लँप आवळायचा. फीलर काढल्यावर दोन्ही पिना काट्यात थोड्या मोकळ्या राहतात. त्यामुळे आयडलिंगला दोन्ही बटरफ्लाय आपापल्या स्क्रूवर बसतात आणि पेडल दाबलं की दोन्ही एकाच वेळी उचलतात. पुढच्या कार्ब्युरेटरचा क्लँप सैल होता, तो असा लावून घेतला.

आता केबल. तार ट्रनियनमधून ओढून सैलपणा काढला आणि मग साधारण 1.5 मिमी मोकळी सोडली. अजिबात सैल नसेल तर इंजिन माउंटिंगवर हलताना स्वतःच रेस देतं. दोन पाने लावून नट आवळला: तार घसरणार नाही इतका, पण पदर चपटे होणार नाहीत इतकाच. आवळल्यावर ट्रनियन भोकात बोटाने फिरते का ते पाहिलं. फिरते.

शेपूट सुमारे 25 मिमी ठेवून कापली. कापण्याआधी कापायच्या जागी कथील मुरवलं, म्हणजे पदर सुटत नाहीत. फ्लक्स ॲसिडचा वापरू नये, तो तारेत राहून गंज आणतो. आणि कथील ट्रनियनच्या आत येता कामा नये: दाबाखाली कथील हळूहळू सरकतं आणि पकड सैल होते.

रिटर्न स्प्रिंगा दोन्ही नव्या. प्रत्येक स्प्रिंगने एकटीने थ्रॉटल बंद करून दाखवलं पाहिजे. एक काढून तपासलं, मग दुसरी काढून. एक तुटली तरी दुसरी गाडी आवरायला हवी.

थ्रॉटल पूर्ण उघडतं का हे पाहायला दोन माणसं लागतात. एकाने ड्रायव्हरच्या सीटवर बसून, कार्पेट जागेवर ठेवून, बुटासकट पेडल तळाला दाबायचं. दुसऱ्याने कार्ब्युरेटरच्या तोंडातून त्याचा पिस्टन (इंजिनचा नव्हे) बोटाने वर धरून बटरफ्लाय पाहायचं. दोन्ही अगदी आडवी, हवेच्या दिशेला समांतर हवीत. इथे बटरफ्लाय पूर्ण उघडल्यावरही पेडल थोडं खाली जायला बघत होतं. म्हणजे पायाचा सगळा जोर केबलवर आणि निपलवर. पेडलखाली जाड रबरी ठोकळा बसवला. आता बटरफ्लाय पूर्ण उघडतं त्याच क्षणी पेडल टेकतं. जाड मॅट घातलेल्या गाड्यांत नेमकं उलटं होतं: पेडल आधी टेकतं आणि गाडीला पूर्ण ताकद कधीच मिळत नाही.

एअर फिल्टर परत. इथे ते गॅस्केट. एचएस4 च्या तोंडाच्या कडेला बारीक भोकं असतात, त्यांतून पिस्टनच्या खालच्या बाजूला हवा जाते. गॅस्केट उलटं बसलं की ती बंद होतात, पिस्टन वर येत नाही, आणि गाडी वेग घेताना दम तोडते. मग नव्या केबलवर संशय घेऊन दिवस वाया जातो. खडूची खूण पाहून बसवलं.

22 फेब्रुवारी, शनिवार

इंजिन पूर्ण गरम करून आयडलिंग लावलं. रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं आळीपाळीने दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून फुसकारा सारखा केला, 800 ला ठेवलं. डॅशपॉटमध्ये (कार्ब्युरेटरच्या पिस्टनवरच्या नळीत) एसएई 20 तेल. नवी चोक केबलही घातली. बटण थोडं ओढल्यावरच जेट (पेट्रोलची बारीक नळी) खाली जायला सुरुवात होते, इतकी सैल.

रस्त्यावर निघण्याआधी एक सराव करून घ्यावा: रेस अडकली तर क्लच दाबायचा आणि इग्निशन बंद करायचं, पण चावी बाहेर काढायची नाही. ज्या गाड्यांना स्टिअरिंग लॉक आहे त्यांत चावी काढली की स्टिअरिंग अडकतं.

पेडल सुरुवातीपासून तळापर्यंत सारखंच हलकं. गिअर बदलताना रेस पाय उचलताच पडते. उतारावर पूर्ण सोडून, परत दाबून पाहिलं. कुठेही अडकत नाही.

ब्रिटनमध्ये 40 वर्षांहून जुन्या आणि फार बदल न केलेल्या गाड्यांना 2018 पासून एमओटीची वार्षिक तपासणी सक्तीची नाही. सवलत चांगली आहे, पण याचा अर्थ ही केबल दुसरं कोणी बघणार नाही. वर्षातून एकदा ट्रनियनपाशी तुसं आलीत का आणि अर्थचं रीडिंग किती, एवढं पाहायला फार वेळ लागत नाही.

5 एप्रिल, शनिवार

नवी केबल सुरुवातीला बसते: आवरणाची टोकं ब्रॅकेटमध्ये दाबली जातात आणि सैलपणा वाढतो. 1.5 मिमीचा 3 मिमी झाला होता. परत 1.5 वर आणला. तारेवर ट्रनियनचा ठसा हलका आहे, पदर शाबूत.

स्टार्टर फिरवताना ब्लॉक ते बॅटरी 0.2 व्होल्ट, तेवढंच. दोन्ही केबल हाताला थंड.

डिकीत ठेवलंय: जुन्या मापाची एक सुटी ट्रनियन, तिला लागणारे दोन पाने, आणि सायकलच्या ब्रेकची एक आतली तार. केबल वाटेत तुटली तर ही तार घरी पोचण्यापुरती चालते. तीही नसेल तर चोकची तार सोडून थ्रॉटल लिव्हरला बांधायची आणि डॅशबोर्डवरच्या बटणाने हळू रेस द्यायची. मात्र बटणाला फिरवून अडकायची खाच असेल तर ती अडकू द्यायची नाही. मागच्या कार्ब्युरेटरच्या स्पिंडलच्या बुशिंगचं (ती ज्यात फिरते त्या कड्याचं) काम पुढच्या हिवाळ्यात.